भोकं पाडायची तर नीट पाडा

जुनं लाकूड घ्यायला गेलं की पाडकामाचा ठेकेदार आधी सागाच्या लांब, सरळ तुळया दाखवतो. त्यांना गिऱ्हाईक तयारच असतं, फार्महाउसवाले नाहीतर हॉटेलवाले. माझं लक्ष असतं मागच्या ढिगाकडे. भिंतीत कुजलेली तुळयांची टोकं, उभी भेग गेलेले खांब, फुटक्या चौकटी, खुंट्या, पाळण्याच्या कड्यांचे तुकडे. ठेकेदार त्याला सरळ जळण म्हणतो आणि बंबवाल्याला विकतो. वाईला माझी शेड आहे, आणि तिथं येणारा बहुतेक माल या जळणातूनच उचललेला. त्यातून मी नुसती बघायची शिल्पं करते, बसायला बाकं आणि भिंतीला फळ्या करते, आणि अलीकडे माश्यांसाठी घरंही करते. शिल्पं बघून लोक मान डोलावतात, बाकांचा भाव करतात आणि माश्यांच्या घरांना हसतात.

हसू देत. सगळ्यात कडक गिऱ्हाईक माशीच आहे. माणसाला पॉलिशनं फसवता येतं, तिला नाही.

आधी लाकडाबद्दल. आपल्याकडचा जुना वाडा म्हणजे दगडी जोत्यावर उभा केलेला लाकडाचा सांगाडा. खाली तळखडा, त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. भिंती मधे भरलेल्या. म्हणून भिंत पडली तरी सांगाडा उभा राहतो, आणि वाडा उतरवायचा ठरला तर उलट्या क्रमानं सांधे सोडवत तो खाली घेता येतो. पुण्यात केळकर संग्रहालयात जो मस्तानी महाल आहे, तो मूळचा कोथरूडचा. तिथून उतरवून संग्रहालयात पुन्हा उभा केलेला. जुन्या लाकडाचं काम म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी आधी तो बघून यायला सांगते. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले. तेव्हा मात्र सांधे सोडवायला सवड कुणाला होती? आता वाडे पुरानं नाही, पुनर्विकासानं जातात, आणि गडबड तेवढीच असते. जेसीबी एका दिवसात उरकतो. सांधा सोडवायचा तर मिस्त्री लागतो, आणि मिस्त्रीला वेळ.

जुना साग चांगला का, हे सांगायला फार विज्ञान नको. जंगलात सावकाश वाढलेल्या झाडात गाभ्याचं लाकूड भरपूर, बाहेरचं पांढरं कमी. वाळवीला नकोशी असलेली द्रव्यं गाभ्यात असतात, त्यातल्या एकाचं नावच सागावरून टेक्टोक्विनोन पडलंय. शिवाय शंभर पावसाळे पाहिलेलं लाकूड आता आणखी वाकणार नाही. ते जेवढं वाकायचं तेवढं वाकून झालंय. तरी सगळं जुनं ते सागवान, असं समजू नये. पुढच्या ओसरीला साग, आणि मागं गोठ्याला, कोठीला आंबा, जांभूळ, बाभूळ, जे मिळेल ते, असं मला बऱ्याच वाड्यांत सापडतं. घरमालकाला यातलं काही माहीत नसतं. तो सगळ्यालाच बर्माटीक म्हणतो आणि तसा भाव सांगतो.

तुकडा शेडमधे आला की आधी करवत नाही, आधी वाचन. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक नेहमी काळं आणि मऊ, कारण भिंतीची ओल तिथं मुरलेली असते. एका बाजूला धुराचा थर आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल तर ती चुलीवरची. ओळीनं बारीक भोकं असतील तर तिथं कधीतरी पडद्याच्या नाहीतर फोटोंच्या खुंट्या होत्या. खांबाच्या डोक्यावर सांध्याचं कुसू शाबूत असलं तर मी ते कधीच छाटत नाही. सुतारानं पटाशीनं काढलेली त्याची बाजू हातानं चाचपली तर अजून पातळ पायऱ्या लागतात. आमचे मिस्त्री, वय सत्तरीच्या पुढं, हे सगळं न बोलता करतात. लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवतात आणि एवढंच म्हणतात, "ताई, हितं तीन हायेत. करवत नगा लावू." ते तीन म्हणजे लोहारानं ठोकून केलेले चौकोनी खिळे, डोकं तुटून आत गेलेले. बाहेरून काही दिसत नाही, फक्त लाकडावर निळसर काळा डाग असतो. सागातल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा तो डाग. यंत्राच्या पात्याला असा खिळा लागला तर पातं जातं, आणि माणूस समोर उभा असेल तर डोळाही जाऊ शकतो.

धोक्याचं एवढ्यावर संपत नाही. जुन्या दारांवरचे हिरवे, निळे ऑइलपेंटचे थर दिसायला फार सुरेख असतात, आणि हल्ली तीच दारं तशीच घासून टेबलं करायची टूम आहे. जुन्या रंगात शिसं असतं. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या दारावर संशय घ्यायलाच हवा. असा रंग कोरडा घासायचा नाही. ती धूळ घरात लहान मुलांच्या पोटात जाते. एकतर रंग तसाच ठेवून वर पारदर्शक थर द्यायचा, नाहीतर ओला करून खरवडायचा आणि खाली पडलेलं गोळा करायचं. रेल्वेचे जुने स्लीपर तर मी घेतच नाही. त्यांतल्या बऱ्याच स्लीपरांना क्रिओसोट पाजलेलं असतं, आणि उन्हात तापलं की त्याचा वास वर येतो. अंगणात बसायला ज्यांना ते आवडतात त्यांनी घ्यावेत. जेवायच्या टेबलाला आणि माशीच्या घराला मात्र बिलकूल नाहीत.

माल वाहायच्या पॅलेटवर एक शिक्का असतो, गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि बाजूला अक्षरं. परदेशी मालाबरोबर किडे जाऊ नयेत म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एचटी लिहिलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशाला निदान अर्धा तास तापवलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमआयडीसीच्या भंगारवाल्याकडे दोन्ही एकाच ढिगात पडलेले असतात. एचटी घ्यायचं, एमबी सोडायचं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी बाल्कनीत पॅलेटचं फर्निचर करणाऱ्या हौशी मंडळींचं निम्मं काम झालं.

शिल्पाच्या बाजूला मी फार बोलत नाही, कारण तिथं बोलण्यापेक्षा बघणं जास्त. पण माझी एक हट्टी समजूत आहे, ती सांगते. आधी काम केलेल्या लाकडावर नक्षी चढवू नये. न्यूयॉर्कमधे शिल्पकार लुईस नेव्हेल्सन रस्त्यावर टाकलेली लाकडं, खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे तुकडे पेटाऱ्यांत रचून सगळं एकाच काळ्या रंगात रंगवत असे. तिचं 1958 चं ‘स्काय कॅथीड्रल’ म्हणजे काळ्या रंगात रंगवलेली अख्खी भिंत. तिनं रंग दिला, पण तुकड्यांचे आकार तसेच ठेवले. दुसरा माणूस जॉर्ज नाकाशिमा. तो तरुणपणी पुदुच्चेरीला अरविंदाश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होता, आणि तिथं त्याला सुंदरानंद हे नाव मिळालं. पुढं अमेरिकेत तो टेबलासाठी फाटलेली फळी घ्यायचा आणि भेग बुजवायच्या ऐवजी तिच्यावर फुलपाखराच्या आकाराच्या पाचरी आडव्या बसवायचा. भेग पुढं जात नाही, आणि लपतही नाही. भेग गेलेल्या खांबाला मी तेच करते. फरक एवढाच की पाचर शिसवीची घेते, काळी दिसावी म्हणून.

उलटा प्रकारही बाजारात जोरात आहे. नवं लाकूड घ्यायचं, साखळीनं मारायचं, खिळ्यानं टोचायचं, चहाचं पाणी फासायचं आणि अँटिक म्हणून विकायचं. मला त्यात चोरीपेक्षा आळस जास्त दिसतो. दोन पेठा पलीकडे खरी तुळई बंबात जात असते.

आता माश्या. मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोळं येतं, पण जगात माश्यांच्या ज्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक पोळं करतच नाहीत. त्या एकांड्या. राणी नाही, कामकरी नाहीत, मध साठवणं नाही. एकच मादी, तिचं एकच बीळ. काही जमिनीत राहतात, काही वेळूच्या पेरात, काही लाकडातल्या आयत्या भोकात. आपल्याकडे गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसतात, ते काम पानकाप्या माशीचं. बागवाले कीड समजून फवारणी करतात. ती पान खात नाही. तुकडा गुंडाळून भोकात नेते, त्याची पेटी करते, आत परागाचा आणि मकरंदाचा गोळा ठेवते, वर अंडं घालते, झाकण लावते आणि पुढची पेटी सुरू करते. एका भोकात अशा पेट्यांची माळ लागते. आणि यातली मोठी गंमत ही की अंडं फळवायचं की नाही, हे मादीच्या हातात असतं. फळवलेल्या अंड्यातून मादी, न फळवलेल्यातून नर. माद्यांची अंडी ती भोकाच्या तळाशी घालते, नरांची तोंडाशी. नर आधी बाहेर पडतात. म्हणून भोक उथळ असलं तर नरच नर निपजतात आणि पुढच्या वर्षी घर ओस.

दुकानात मिळणाऱ्या सुबक, रंगीत बी-हॉटेलांचं भोक बहुधा बोटाच्या पेराएवढं खोल असतं. वर पाइनचे शंकू आणि भुसा भरलेला कप्पा. त्यात माशी राहत नाही, मुंग्या आणि पाली राहतात. टोरांटोमधे तीन वर्षं सुमारे सहाशे बी-हॉटेलांची पाहणी झाली, ती 2015 मधे प्रसिद्ध झाली. तिथल्या हॉटेलांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जागी गांधीलमाश्यांचं वास्तव्य निघालं. गांधीलमाशी आली म्हणजे वाईट झालं असं नाही. तीही अळ्या मारून नेते, आणि आपली कुंभारीण तर मातीचं काम इतकं नीट करते की बघत राहावं. पण माश्यांचं रक्षण केलं म्हणून पाठ थोपटून घ्यायची असेल तर आधी भोकात कोण राहतंय ते बघावं.

मी ठोकळा करते तो आंब्याचा, सागाचा नाही. ज्या गुणामुळे साग वाळवीला चालत नाही, तो माशीला चालेल का, यावर पैज लावण्यापेक्षा सागाचं छप्पर करावं आणि भोकं आंब्यात पाडावीत. आंब्याला भुंगेरे लागतात, त्यामुळे तुकडा आधी ठोकून बघायचा. खाली पीठ पडलं तर तो जळणातच जातो. भोकं पाडायची ती लाकडाच्या बाजूनं, रेषा आडव्या कापत. ओंडक्याच्या तोंडात, जिथं वर्षांची वलयं दिसतात तिथं, कधीच नाही, कारण तोंड चिरतं, चीर भोकात जाते, आणि चिरेतून पाणी आणि परोपजीवी माशी दोन्ही आत. रुंदी चार ते दहा मिलिमीटरच्या दरम्यान, वेगवेगळ्या मापांची, कारण वेगवेगळ्या जातींना वेगवेगळं माप लागतं. खोली निदान पंधरा सेंटिमीटर, म्हणजे लांब बिट मागवावं लागतं, साधं बिट पुरत नाही. मागची बाजू बंदच हवी. आरपार भोकात वारा शिरतो. दोन भोकांत दोन बोटं अंतर.

आणि मग जे काम सगळे टाळतात ते. ड्रिलचं बिट बाहेर काढताना भोकाच्या कडेला कुसळं उभी राहतात. डोळ्याला दिसत नाहीत. मी गोल कानस फिरवते, नंतर पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून तोंडाशी फिरवते, मग कापसाचा बोळा आत घालून ओढते. कापसाचा एक जरी तंतू अडकला तरी परत कानस. माशी भोकातून बाहेर येताना मागं मागं सरकत येते, आणि कुसळावर तिचा पंख फाटतो. फाटलेला पंख परत येत नाही. आत तेल नाही, व्हार्निश नाही, काही नाही. बाहेरून छपराला जवसाचं तेल आणि मेण. छप्पर पुढं चांगलं वीतभर, कारण आमच्याकडचा पाऊस तिरका येतो. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, सकाळचं ऊन भोकात पडेल असं. टांगायचं नाही, भिंतीला घट्ट बसवायचं. वाऱ्यावर झुलणाऱ्या घरात माशी उतरत नाही. लोखंडी सळईवर उभं केलं तर सळईला ग्रीस, मुंग्यांसाठी.

भोकात मी जाड खाकी कागदाच्या नळ्या सरकवते. माश्या निघून गेल्या की नळी काढून टाकायची आणि नवी घालायची. एकाच जागी शेकडो माश्या दाटीनं वाढल्या की कोळीकीड आणि बुरशी साचते, निसर्गात हे एवढं होत नाही कारण भोकं विखुरलेली असतात. ज्याला नळ्या बदलायचा कंटाळा आहे त्यानं एक सुकी फांदी बागेत तशीच पडू द्यावी. खरंच. माझा धंदा बुडाला तरी चालेल.

मोठ्या काळ्या भुंग्याची गोष्ट वेगळी. तो आयतं भोक घेत नाही, स्वतः पोखरतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात त्याचा दृष्टांत आहे, कोरडं कठीण लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकतो असा. कीर्तनकार कळीवर थांबतात, मी लाकडावर. निरीक्षण अचूक आहे: त्याला कोरडं, मेलेलं लाकूड लागतं. वाड्यातल्या लोकांना वाटतं तो लाकूड खातो. नाही खात, भुसा बाहेर टाकतो आणि आत पिल्लं वाढवतो. त्याला घराच्या वाशांपासून लांब ठेवायचं तर वाशांना तेलपाणी करा आणि परसात पांगाऱ्याचा एक जाड ओंडका उभा करा. सावंतवाडीचे कारागीर परंपरेनं खेळण्यांसाठी जो पांगारा वापरतात, तो इतका मऊ की भुंगा दुसरीकडे कशाला जाईल? कुणी विचारेल, त्याला सांभाळायचा कशाला? तर वांगी, टोमॅटो यांचे पराग पुंकेसराच्या नळीत कोंडलेले असतात. फुलाला धरून जोरात गुणगुणलं तरच ते झडतात. हे भुंग्याला जमतं, निळ्या पट्ट्याच्या माशीला जमतं, पोळ्यातल्या मधमाशीला जमत नाही. तुरीवरही भुंगे आणि पानकाप्या माश्या खूप येतात.

सातेरी मधमाश्यांच्या पेट्या मात्र मी भंगारातून करत नाही, कितीही मागणी आली तरी. 1851 मधे मधमाशीपालक लँगस्ट्रॉथच्या लक्षात आलं की दोन चौकटींमधे ठरावीक फट ठेवली तर माश्या तिथं ना मेण भरतात ना डिंक, ती फट वाट म्हणून मोकळी ठेवतात. सगळं पेटीपालन त्या काही मिलिमीटरवर उभं आहे. सातेरी विलायती मेलीफेरा माशीपेक्षा लहान, तिची फटही लहान. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मिसळ लाकडात ते माप टिकत नाही. ज्यांना मध हवाय त्यांना मी वर महाबळेश्वरला मध संचालनालयात पाठवते, नाहीतर 2022 मधे मधाचं गाव म्हणून जाहीर झालेल्या मांघरला. तिथं माणसं पिढ्यान् पिढ्या हेच करतात.

माझं सगळ्यात लाडकं काम सध्या एक मोडकी पाभर आहे. ट्रॅक्टर आला आणि पेरणीच्या या पाभरी गोठ्याच्या पोटमाळ्यावर गेल्या. हिचं चाडं, म्हणजे ज्यात बी ओतायचं तो कोरलेला लाकडी वाडगा, पेरणाऱ्याच्या मुठी घासून आतून काचेसारखं गुळगुळीत झालंय. खालच्या वेळूच्या नळ्या निम्म्या फुटलेल्या. मी पाभर उभी केली, चाडं वर छपरासारखं पालथं न घालता सुलट ठेवलं आणि त्यावर सागाची फळी तिरकी टाकली, आणि फुटक्या नळ्यांच्या जागी नव्या बारीक वेळूच्या नळ्यांचा जुडगा बसवला. प्रत्येक नळी पेराच्या मागं कापलेली, म्हणजे मागचं बूच निसर्गानंच दिलेलं. लांबून बघितलं तर पंख मिटून बसलेला एखादा मोठा पक्षी वाटतो. हे शिल्प आहे की घर, ते मला ठरवावं लागत नाही.

ते घेतलं मेणवलीकडच्या एका शेतकऱ्यानं. पाभर त्याच्या चुलत्याचीच होती, हे त्यानं चाड्यावरचा डाग बघून ओळखलं. पहिला प्रश्न, "मध किती निघंल?" म्हटलं, थेंबभर नाही. मग वांग्याचं आणि तुरीचं सांगितलं. तो म्हणाला, मग वांग्याच्या वाफ्याकडं तोंड करून लावा. वाफा पश्चिमेला. मी पूर्वेला अडून बसले. वाफा लांब नाही, माशी काही शे मीटर सहज जाते, पण दुपारचं ऊन नळीत घुसलं तर आतली पिल्लं भाजतील. आणि वांग्यावर फवारा मारायचा तर संध्याकाळी, माश्या नळीत गेल्यावर, हेही ठासून सांगितलं. फवाऱ्यावर तो गप्प बसला. शेवटी गोठ्याच्या पूर्वेच्या भिंतीला बोल्ट मारून पाभर बसवली. पैसे त्यानं निम्मे दिले. उरलेले माश्या राहायला आल्यावर देतो म्हणाला.